बिनधुराचा विस्तव

बाळंतिणीच्या खोलीत शिरताना मी आधी बाळाकडं पाहत नाही आणि बाळंतिणीकडंही पाहत नाही. आधी शेगडी कुठं आहे ते पाहते, मग खिडकी उघडी आहे का ते पाहते, आणि मग तिथं बसलेल्या बायकांना विचारते, "कुणाचं डोकं दुखतंय का गं?" बायका तोंडाला पदर लावून हसतात. ही म्हातारी बाळ बघायला येते की वैदूपणा करायला, असंही एकीनं म्हणून झालंय. म्हणोत बापड्या. मला या खोडीची लाज वाटत नाही. एकाचं डोकं दुखलं तर ते त्याचं दुखणं. एका खोलीतल्या सगळ्यांची डोकी दुखायला लागली तर ते खोलीचं दुखणं असतं, आणि मग औषध शोधत बसायचं नसतं, उठून बाहेर पळायचं असतं. हे मी माझ्या पहिल्या बाळंतपणात शिकले. ते शिकवायला माझी थोरली बहीण आली होती. ती तेव्हा जिवंत नव्हती.

माझं माहेर इंदापूर तालुक्यात, कळसच्या बाजूला. पन्नास सालानंतरची ती वर्षं. पाटाच्या पाण्यावर तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ऊस लावला होता आणि घरात खाऊनपिऊन सुख होतं. घर मात्र साधंच, मातीच्या माळवदाचं. पुढं ओसरी, मधे स्वयंपाकाची जागा आणि अगदी आत एक खोली. त्या खोलीला खिडकी नव्हती. वर माळवदात उजेडासाठी ठेवलेलं वीतभर भोक तेवढं होतं. दुपारी त्यातून उन्हाचा कवडसा खाली उतरायचा, भिंतीवर चढायचा आणि नाहीसा व्हायचा. आमच्या घरातली बाळंतपणं तिथंच व्हायची. तिथं वारं शिरत नाही, असं आई चारचौघीत अभिमानानं सांगायची.

अक्काचं, माझ्या थोरल्या बहिणीचं, बाळंतपण तिथंच झालं. मी तेव्हा परकर नेसत होते. थंडी कडाक्याची होती. आईनं वरचं भोक चिंध्यांचा बोळा कोंबून बंद केलं होतं आणि बाजेखाली निखाऱ्यांचं घमेलं ठेवलं होतं. त्या रात्री आईचंच डोकं फार चढलं, म्हणून ती खोलीचं दार ओढून घेऊन ओसरीवर येऊन निजली. सकाळी दार ढकललं तर ते उघडेना. अक्का आतून दाराला टेकून पडली होती. तिचं तान्हं बाजेवर होतं. दोघंही गेलेली.

भीती वाटावी असं त्यात एकच होतं, आणि ते सगळ्या गावानं पाहिलं. अक्काचा चेहरा लाल होता. मेलेलं माणूस पांढरंफटक पडतं, काळवंडतं. अक्काचे गाल, ओठ, कानाच्या पाळ्यासुद्धा नुकतीच चुलीपुढून उठल्यासारख्या लाल होत्या. अंघोळ घालणाऱ्या बायका तिला हात लावायला धजेनात. "ही काय मेल्याली न्हाय," एक जण म्हणाली, "हिला कुणीतरी उठवून न्हेलीया." बाजेवरची बाळंतीण दाराशी गेलीच कशी, याचं उत्तर सगळ्यांना त्या एका वाक्यात मिळालं.

बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते, ही आमच्याकडची पक्की समजूत. ती घरी परत येऊ नये म्हणून मसणवट्यापासून घरापर्यंत मोहरी टाकत आले. खोलीच्या चौकटीत लोखंडी खिळे ठोकायचे होते. ते काम आईनं कुणाला करू दिलं नाही, स्वतः केलं. ज्या लेकीच्या नावानं तिचा आवाज फुटेपर्यंत आक्रोश चालला होता, त्याच लेकीला अडवायला ती खिळे ठोकत होती. मी दाराशी उभी राहून पाहत होते, आणि मला आईचा खूप राग आला होता.

पुढं माझं लग्न झालं, बारामतीला गेले, आणि दिवस राहिले. नवरा म्हणत होता, बारामतीत दवाखाना आहे, तिथंच होऊ दे. पण पहिलं बाळंतपण माहेरीच, यावर आई अडून बसली. मलाही, खरं सांगायचं तर, आईच हवी होती. "या बारीला वाऱ्याला फट म्हणून ठिवत न्हाय," ती म्हणाली. अक्काला आधी वारं भिनलं आणि मग तिला कुणीतरी उठवून नेलं, असं आईनं मनाशी धरलं होतं.

मला मुलगी झाली. चांगली ठणठणीत, जन्मल्याबरोबर असं रडली की पाटापलीकडच्या वस्तीला कळलं. पहिले काही दिवस बाजेखाली गोवऱ्यांची धग होती. गोवऱ्यांचा धूर म्हणजे काय विचारू नका. डोळे चुरचुरायचे, खोकून खोकून टाके ओढल्यासारखं व्हायचं, आणि मी आईला वाट्टेल ते बोलायचे. शेवटी आई वैतागून दार उघडं टाकायची. माझा खोकला ऐकून तात्यांचा जीव कासावीस झाला. नदीकडच्या बाजूला बाभळी तोडून कोळसा पाडणारे लोक उतरले होते, त्यांच्याकडून त्यांनी पोतंभर कोळसा आणला. बाभळीचा कोळसा, धूर नाही, वास नाही, नुसती लालभडक धग. आई हरखून गेली. आता दार लावून घेता येणार होतं. वरच्या भोकावर तिनं मडकं पालथं घातलं. गावातल्या इतर बाळंतिणींना गोवऱ्याच असायच्या. कोळसा मिळाला तो मला, आणि माझ्या आधी अक्काला. आम्ही दोघी लाडाच्या होतो ना.

कोळसा आला त्याच दिवशी बाळाची पाचवी होती. सटवाईची पूजा झाली, पाटावर कोरा कागद नि लेखणी ठेवली. त्यामुळं पुढं जे सुरू झालं त्याचा संबंध सगळ्यांनी पाचवीशी लावला, पोत्याशी कुणीच लावला नाही.

आधी नुसतं डोकं. कपाळावरून करकचून दोरी बांधल्यासारखं. मग मळमळ. आई डिंकाचा लाडू पुढं करायची आणि मला तो पाहूनच उमळून यायचं. बाळंतिणीला असं होतंच, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. मग हातापायातलं बळ गेलं. पाण्याचा तांब्या उचलायचा तर हात आपला नव्हेच असं वाटायचं. एखादी गोष्ट बोलायला सुरुवात करायची आणि काय बोलत होते तेच विसरायचं. बाळाचं रडणं कमी कमी होत गेलं. ती तासन्‌तास झोपायची, अंगावर लावली तर दोन घोट घेऊन सोडून द्यायची. गाल मात्र लालचुटुक. बघायला येणाऱ्या बायका कडकडा बोटं मोडायच्या. "काय रंग आलाय पोरीला! आन् गुणाची किती, रडत म्हणून न्हाय." मलाही त्याचं कौतुक वाटायचं. रडणारं लेकरू गप्प झालं की घराला हायसं वाटतं.

अक्का पहिल्यांदा दिसली ती भर दुपारी. कवडसा नव्हताच, मडक्यामुळं खोलीत निखाऱ्यांचा तेवढा तांबूस उजेड होता. आई भिंतीला टेकून पेंगत होती. मी डोळे उघडले तर दाराशी अक्का पाठमोरी उभी. तिचा एक हात दाराच्या कडीवर होता. मग तिनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. चेहरा लालबुंद. ती बोलली नाही, हसली नाही. नुसती पाहत होती. भीती वाटायला हवी होती, पण मला मुळीच भीती वाटली नाही. उलट इतकं बरं वाटलं की डोळे मिटून घ्यावेत आणि तिच्याबरोबर निघून जावं. आज त्या बरं वाटण्यानंच माझ्या अंगावर काटा येतो.

त्यानंतर ती रोज दिसू लागली. नेहमी तिथंच, दाराशी, कडीवर हात ठेवून. कधी तिच्या श्वासाचा आवाज यायचा, घरघर लागल्यासारखा. मी कान देऊन ऐकायचे आणि कळायचं की तो माझाच श्वास आहे. मग पुन्हा वाटायचं, नाही, तिचाच. मात्र सकाळी मला अंगणातल्या न्हाणीत नेऊन तेल-हळद लावून कढत पाण्यानं अंघोळ घालायचे, तेव्हा ती कधीच नसायची. न्हाणीत डोकंही हलकं व्हायचं. मी आईला म्हटलं, "मला न्हाणीतच बसू दे की थोडा वेळ." आई म्हणाली, "वारं लागंल बाय, चल आत." असं ती म्हणाली की मला पुन्हा त्या दाराच्या आत जावं लागायचं.

शेवटी मी आईला सांगितलं. "आई, अक्का येती." आईच्या हातातली वाटी खाली पडली. ती उचलत म्हणाली, "मलाबी तिचा आवाज आलाय. म्या तुला सांगितलं न्हवतं." मला भीती वाटली ती तेव्हा, कारण आईला भास होतील असं मी कधी मनातही आणलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा नवरा आला. बारशाआधी यायची रीत नव्हती, पण बारामतीच्या बाजारात कुणाकडून तरी त्याला कळलं की बायको भ्रमात बोलते. तो आत येऊ शकत नव्हता, म्हणून आई बाळाला दुपट्यात गुंडाळून ओसरीवर घेऊन गेली. मी आतून ऐकत होते. बराच वेळ त्याचं नि तात्यांचं बोलणं चाललं होतं, आणि अचानक बाळानं टाहो फोडला. कित्येक दिवसांत तिचा असा आवाज मी ऐकला नव्हता. आई धावतच तिला आत घेऊन आली. "वारं लागलं, वारं लागलं," म्हणत दार लावून घेतलं. बाळ थोडा वेळ रडलं आणि हळूहळू गप्प झालं.

बाहेरून नवऱ्यानं विचारलं, "आता का गप्प झाली ती?"

"आत ऊब हाय न्हवं जावईबापू," आई म्हणाली.

माझा नवरा फार हुशार होता असं मी म्हणणार नाही, तो असता तर स्वतःच हसला असता. पण एखादी गोष्ट त्याला पटली नाही की तो तोंडावर वाद घालत नसे, नुसता उठून चालू लागे. तसाच उठला. "मी बारामतीहून डॉक्टर घेऊन येतो," एवढं तात्यांना सांगून त्यानं एसटी गाठली.

तो गेला आणि दुपारी आईनं बोलावलेला देवऋषी आला. गडी जाडजूड, मिशीवाला, गळ्यात कवड्यांची माळ. खोलीत दार लावून घेऊन तो बराच वेळ बसला. लिंबं कापली, अंगारा फुंकला, शेगडीवर आणखी कोळसे घालायला लावले आणि अक्काला दरडावून विचारू लागला, "बोल, काय पायजे तुला? बोल!" अक्का काही बोलली नाही. थोड्या वेळानं त्याचाच आवाज घोगरा झाला. तो कपाळ चोळू लागला, उठायला गेला तर भिंतीला धडकला, आणि धडपडत बाहेर जाऊन अंगणात भडाभडा ओकला. मी इतकी गळाले होते तरी मला हसू आलं. आईला मात्र धडकी भरली. बाहेरूनच तो सांगत होता, "लई जबर हाय. मलाबी आवरना. दोघींनाबी न्यायला आलीया ती. वरचं भोक चिखलानं लिपून घ्या, दाराची फट बुजवा, आन् इस्तू हलका पडू देऊ नका. ती इस्तवाला भितीया." मग तोंड पुसून तो निघून गेला, पुन्हा काही त्या खोलीत यायला तयार झाला नाही.

तात्यांनी माळवदावर चढून मडक्याभोवती चिखल लिंपला आणि ते उसाला पाणी द्यायला गेले. आईनं आतून कडी लावली, फटीत जुनं लुगडं कोंबलं, शेगडी गच्च भरली आणि दाराला पाठ लावून राखण करायला बसली.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. निखाऱ्यांवर निळसर ज्वाळा नाचत होत्या. आईची मान छातीवर पडली होती. मी बाळाला अंगावर घेतलं तर तिनं तोंडच उघडलं नाही. हात उचलून सोडला तर तो चिंधीसारखा खाली पडला. गाल तेवढे लाल, फार लाल. आणि तेवढ्या गुंगीतही मला कुठं हा रंग पाहिला ते आठवलं. मी दाराकडं पाहिलं. अक्का होती. आईच्या अंगावरून हात लांब करून ती कडी ओढत होती, आणि कडी निघत नव्हती. ती आत यायला आली नव्हती. ती बाहेर जायला धडपडत होती.

मी बाजेवरून उतरले म्हणजे पडलेच. पाय नव्हतेच. बाळाला काखेत धरून मी जमिनीवरून सरपटत गेले. ते अंतर किती, चार पावलांचं. मला ते आपल्या मळ्यापासून इंदापुरापर्यंतचं वाटलं. आईला ढकललं, ती एका कुशीवर कलंडली आणि उठली नाही. कडीवर हात गेला तेव्हा तिथं आधीच कुणाचा तरी हात होता असं मला वाटलं. हे मी कुणाला पटवून देणार नाही. कडी निघाली, दार आत ओढलं, आणि मी बाळाला उंबऱ्यापलीकडं सरकवलं. मग मला काही कळलं नाही.

जाग आली ती अंगणात, उन्हात. अंगावर गार वारं होतं आणि मी ओकत होते. नवरा नि डॉक्टर जीपमधून उतरले तेव्हा बाळ उंबऱ्याबाहेर जमिनीवर होतं आणि मी उंबऱ्यावर पालथी. दोघांनी मिळून आम्हाला तिघींनाही बाहेर ओढलं होतं. डॉक्टर बाळाच्या तोंडाशी वाकून हळूहळू फुंकर घालत होते. आई शुद्धीवर आली तशी ओरडू लागली, "अवं वारं! वाऱ्याला ठिवली माझी लेक! मारताय व्हय तिला?" नवऱ्यानं तिला धरून ठेवलं. कितीतरी वेळानं बाळानं हात झटकला, मग क्षीण आवाजात रडलं, आणि मग चांगलंच रडलं. मी आयुष्यात पुष्कळ गाणी-भजनं ऐकली, पण कानाला इतकं गोड काही लागलं नाही.

मग डॉक्टर आईकडं वळले. मोठा शांत माणूस. "मावशी, तुमचं डोकं दुखतं का?"

"दुखतंया की. पोरीजवळ बसल्यापास्नं."

"ओसरीवर आलात की?"

"ऱ्हातंय."

तात्या शेतातून धावत आले होते. त्यांनी देवऋषीचं ओकणंही सांगितलं. डॉक्टरांनी मान हलवली. खोलीत जाऊन, नाकाला रुमाल लावून, त्यांनी स्वतः शेगडी उचलून बाहेर आणली. मग त्यांनी समजावून सांगितलं. बंद खोलीत कोळसा धुमसला की त्यातून विषारी वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, त्यानं डोळे चुरचुरत नाहीत. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग हातपाय गळतात, भलतंसलतं दिसतं, झोप येते, आणि त्या झोपेतून माणूस उठत नाही. धूर असता तर तुम्ही दार उघडलं असतं, म्हणाले. धूर शहाणा, तो माणसाला बाहेर घालवतो.

आई खाली बसून ऐकत होती. पदर डोक्यावरून घसरला होता, तिनं तो सावरला नाही. मग तिनं विचारलं, "आन् डाक्टर, माणूस लाल दिसतं का वं त्यानं?"

"दिसतं कधी कधी," डॉक्टर सहज म्हणाले, बॅग आवरता आवरता. त्यांना अक्का माहीत नव्हती. "गेल्यावरसुद्धा तो रंग तसाच राहतो."

तात्यांनी मान खाली घातली. माझी बाज ओसरीवर आणली, भोवती लुगड्याचा आडोसा केला. डॉक्टर गेले, नवरा त्यांच्याबरोबर औषधं आणायला गेला. आई माझ्या पायथ्याशी भिंतीला टेकून बसली होती. तिचं तोंड बघवेना. डॉक्टरनं सांगितलेलं तिच्या डोक्यात कुठवर पोचलं ते मला दिसत होतं. वाटलं, हिला ती हडळ परत द्यावी. कुणीतरी लेक उठवून नेली नि ती हडळ झाली असं मानून ही बाई इतकी वर्षं जगली, पुढंही जगेल.

मी म्हटलं, "आई, डॉक्टरला काय कळतंय? अक्काच आली होती. मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. तीच होती."

आईनं माझ्याकडं पाहिलं. तिला कळलं मी असं का म्हणते ते. "न्हाय गं," ती म्हणाली, "ती बिचारी कशाला येतीया? कोळसं म्याच घातलं. दार म्याच लावलं. ती दाराशी येऊन पडली, तरी मला कळलं न्हाय. आन् वर माझ्याच लेकराला हडळ म्हणून म्या घरात येऊ दिलं न्हाय."

आणखी खोटं बोलायचं बळ माझ्यात उरलं नव्हतं. मी बाळाला उचललं आणि आईच्या मांडीवर ठेवलं. रोज त्या पोरीला न्हाऊमाखू घालणारी, माझ्या हातातून ओढून घेणारी माझी आई. तिनं दोन्ही हात वर उचलले आणि तसेच अधांतरी धरले, बाळाला लागू नयेत म्हणून. पोर भुकेनं रडत होती, आणि आई तिला हात न लावता तिच्या तोंडाकडं पाहत बसून राहिली.